गिऱ्हाइकांची वही आपल्या घरीं असावी

शेतकऱ्याच्या घरांतील पेटी उघडून पाहिली तर तींत सातबाराचा उतारा, आठ-अ, एखादें खरेदीखत, सोसायटीचें पासबुक आणि कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या हे कागद हटकून सांपडतात. जमीन कोणाची, कर्ज किती, ऊस किती टन गेला, हें सर्व त्यांवरून कळतें. परंतु आपण पिकविलेला माल अखेर कोणाच्या घरीं शिजला, हें सांगणारा एकही कागद त्या पेटींत नसतो. कांदा आडत्याच्या पट्टीवर संपतो, गूळ व्यापाऱ्याच्या गोदामांत शिरतो, आणि त्यापुढील माणसाचें नांव आपणांस ठाऊक नसतें. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या प्रस्तुत लेखकास ही मोठी उणीव वाटते, आणि ती भरून काढण्याचीं साधनें आज आपल्या हातांत असतांना आपण तिकडे दुर्लक्ष करीत आहों, असें त्याचें स्पष्ट मत आहे.

आपल्या दौंड व शिरूर तालुक्यांत अलीकडे कित्येक तरुण शेतकरी मोबाईलवरून माल विकूं लागले आहेत. कोणी रसायनविरहित गूळ व काकवी विकतो, कोणी डाळिंबें पेटींत भरून पुण्यास पाठवितो, कोणी थंडींत हुरड्याचें आमंत्रण देतो. जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मुक्त केल्यापासून समितीच्या आवाराबाहेर असा व्यवहार करण्याची वाटही मोकळी झाली आहे. हे तरुण अभिमानानें सांगतात कीं, ‘इन्स्टाग्रामवर आमचे दहा हजार फॉलोअर आहेत.’ गोष्ट चांगली आहे. परंतु त्यांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, त्या दहा हजारांपैकीं किती जणांचीं नांवें व पत्ते तुमच्या स्वतःच्या वहींत उतरलेले आहेत? बहुतेकांचें उत्तर ‘एकाचेंही नाहीं’ असेंच येईल. म्हणजे गिऱ्हाईक तुमचें, माल तुमचा, मेहनत तुमची, आणि वही मात्र परक्याची!

वही दुसऱ्याच्या हातीं असण्याचें फळ काय असतें, हें आपल्या मुलखास नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं. शिरूर तालुक्यांतील करडे गांवच्या लोकांनीं १८७४ सालीं सावकारांवर बहिष्कार घातला, आणि १२ मे १८७५ रोजीं तेव्हांच्या भिमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. त्या दंग्याचें वैशिष्ट्य असें कीं, लोकांचा मुख्य रोख खतपत्रांवर व वह्यांवर होता. ते कागद हिसकून घेऊन जाळण्यांत आले. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस कर्जाच्या बाबतींत संरक्षण देणारा कायदा झाला. जाळपोळीचें समर्थन करण्याचा येथें हेतु नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, ज्या व्यवहारांत कागद एकाच बाजूच्या हातीं असतो, त्यांत दुसरी बाजू कितीही कष्टाळू असली तरी दुबळीच राहते.

आज सावकाराच्या जागीं सावकार नाहीं, हें खरें. परंतु ज्या कंपनीच्या आवारांत आपण दुकान मांडतों, तिच्या वहींत आपल्या गिऱ्हाइकांचीं नांवें असतात, आणि ती वही आपणांस कधींही पाहावयास मिळत नाहीं. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ‘टिकटॉक’ धरून ५९ ॲप बंद केलीं. तो निर्णय योग्य कीं अयोग्य, हा येथें प्रश्न नाहीं. पण ज्यांनीं केवळ त्या एका जागेवर लाखोंचा श्रोतृवर्ग जमविला होता, त्यांचा तो सगळा संग्रह हातचा गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हीं तिन्हीं जगभर सुमारें सहा तास बंद पडलीं. हीं मोठीं उदाहरणें झालीं. लहान उदाहरण असें कीं, कंपनीनें आपला नियम बदलला आणि तुमची जाहिरात पूर्वीइतक्या लोकांस दाखविण्याचें थांबविलें, तर तुम्हांस तें कळतही नाहीं. फक्त मागणी कां कमी झाली, याचें कोडें पडतें. १९४८ च्या कुळकायद्यानें जमीन कसणाऱ्या कुळास संरक्षण मिळालें. या नव्या आवारांत बसणाऱ्यास तसा कोणताही कुळकायदा नाहीं. त्याचा कब्जा मालकाच्या मर्जीपुरताच होय.

यावर उपाय असा कीं, आवार परक्याचें वापरावें, पण वही आपली ठेवावी. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, आठवडे बाजारांत, प्रदर्शनांत, जेथें म्हणून गिऱ्हाईक भेटेल तेथें त्याच्या संमतीनें त्याचें नांव व ईमेलचा पत्ता घ्यावा, आणि त्या पत्त्यांवर नियमितपणें पत्र पाठवावें. ही कल्पना परदेशांतून आलेली नवी चूष आहे, असें कोणी समजूं नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचें उदाहरण आपल्यासमोर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केले तेव्हां प्रारंभीं ते घेण्यास शेतकरी तयार होत नसत. पुढें कारखान्याचा जम बसत असतां १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्रक सुरू केलें. कारखान्याची व मालाची माहिती गिऱ्हाइकांच्या हातीं नियमानें पडावी, हा त्याचा उगम. त्यांत केवळ मालाची स्तुति न येतां वाचनीय मजकूर येत गेला, म्हणून लोक त्याची वाट पाहूं लागले. १९२९ सालीं त्याचें नांव ‘किर्लोस्कर’ झालें आणि महाराष्ट्रांतील एक नामांकित मासिक म्हणून तें गाजलें. नांगर विकणाऱ्यानें वाचक जमविले, आणि वाचकांनीं नांगराच्या कारखान्याचें नांव घरोघर नेलें. छापखाना, टपालहंशील आणि वेष्टनें यांसाठीं त्या काळीं जो खर्च येत असे, त्याचा अल्पसा अंशही ईमेलला येत नाहीं. साधन स्वस्त झालें. शहाणपण तेंच राहिलें आहे.

कोणी म्हणेल, ‘आतां सर्व लोक व्हॉट्सॲपवर असतां ईमेल कोण वाचतो?’ आक्षेप अगदींच निराधार नाहीं. आज डाळिंब तोडलें आणि उद्यां पोंचवावयाचें, अशा तातडीच्या निरोपास व्हॉट्सॲप उत्तम. परंतु वही म्हणून तें कामाचें नाहीं. पहिलें कारण, तें एकाच कंपनीच्या मालकीचें आहे. उलट ईमेल ही कोणा एका कंपनीची मिरास नाहीं. आज एका कंपनीच्या सेवेतून पत्रें पाठवीत असाल, तर उद्यां तीच यादी उचलून दुसरीकडे नेतां येते. दुसरें कारण, गट केला म्हणजे एका गिऱ्हाइकाचा मोबाईल क्रमांक दुसऱ्यास दिसतो, आणि पुष्कळ कुटुंबांस, विशेषतः स्त्रियांस, तें रुचत नाहीं. तिसरें कारण, सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांखालीं तुमच्या गुळाचा निरोप दडपून जातो. ईमेलपत्र मात्र निवांत वेळीं उघडतां येतें, शोधून काढतां येतें, आणि बिलें, बँकेचे कागद ज्या पेटींत येतात त्याच पेटींत तें येतें. सबब दोन्हीं साधनें वापरावींत, पण मूळ वही ईमेलची असावी.

आतां ही वही कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या नव्हे, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण प्रत्येक नव्या साधनाबरोबर अतिशयोक्ति येतेच. ज्याचा सारा ऊस कारखान्यास जातो, त्यास या यादीचा उपयोग नाहीं. ज्याचा कांदा ट्रक भरून बाजारांत जातो, त्यानें किलोच्या गिऱ्हाइकांच्या मागें लागूं नये. पण ज्याचें गुऱ्हाळ आहे, ज्याची डाळिंबाची किंवा आंब्याची बाग निवडक आहे, जो मालदांडी ज्वारी, डाळी, तूप, मसाले असा टिकाऊ माल घरगुती मापानें विकतो, त्याच्या दृष्टीनें ही वही बैलजोडीइतकी मोलाची आहे.

हुरड्याचेंच पाहा. शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली येथें मोर पाहण्यास व गांवचें जेवण जेवण्यास पुण्यामुंबईचे लोक येतात, आणि थंडींत हुरड्यासाठीं आपल्या बाजूच्या कितीतरी शेतांवर पाहुण्यांची रीघ लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ‘फुले उत्तरा’ हा हुरड्यासाठींचा खास वाणही दिला आहे. परंतु कणीस हुरड्याजोगें राहतें तें थोडेच दिवस. दाणा पुढें गेला कीं ती ज्वारी झाली. त्या थोड्या दिवसांत पाहुणे आले पाहिजेत. ज्याच्याजवळ गेल्या वर्षीं येऊन तृप्त होऊन गेलेल्या कुटुंबांची यादी आहे, तो कणसांत दूध भरतांच एक पत्र लिहितो: ‘येत्या दोन रविवारीं हुरडा तयार आहे, किती मंडळी येणार तें कळवावें.’ ज्याच्याजवळ यादी नाहीं, तो दर वर्षीं नव्यानें जाहिरातीचे पैसे भरतो, आणि गेल्या वर्षींचा पाहुणा शेजारच्या शेतावर जातो. कारण त्यास आपलें नांव आठवत नाहीं.

हिशेब मांडून पाहूं. समजा, एका गुऱ्हाळवाल्याच्या वहींत १००० पत्ते आहेत. सगळे घेणार नाहींत. त्यांपैकीं ३०० कुटुंबें वर्षास १० किलोप्रमाणें गूळ घेतात, असें धरूं. म्हणजे ३००० किलो झाला. घाऊक बाजारांत किलोस ४० रुपये आणि घरपोंच गिऱ्हाइकाकडून ७० रुपये मिळाले, असें समजा. फरक ३० रुपयांचा दिसतो. पण तो सगळा नफा नव्हे. खोका, वाहतूक, फुटतूट आणि घरच्या माणसाचा वेळ यांपोटीं १८ रुपये वजा करावेत. उरले १२ रुपये. ३००० किलोवर ३६,००० रुपये. हे आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपले भाव घालून हाच हिशेब करावा. यावरून कोणी कोट्यधीश होत नाहीं, हें उघड आहे. पण जमीन तीच, ऊस तोच, आणि तरीही ही रक्कम अधिक मिळते. शिवाय पुढील वर्षीं तीं ३०० कुटुंबें मिळविण्यासाठीं पुन्हा जाहिरात करावी लागत नाहीं.

वही कशी लिहावी, याविषयीं ज्यानें जन्मभर नोंदीच लिहिल्या त्याचे चार शब्द वाचकांनीं ऐकावेत. गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, कोणतीही नोंद आधाराशिवाय होत नाहीं. हितसंबंधी माणसांस नोटीस दिली जाते, हरकत ऐकली जाते, मग नोंद प्रमाण होते. गिऱ्हाइकांची वहीही याच शिस्तीनें ठेवावी. प्रत्येक नांवापुढें पत्ता कोणत्या तारखेस मिळाला, कोठें मिळाला, त्या माणसानें काय घेतलें, आणि पत्रें पाठविण्यास त्यानें होकार दिला कीं नाहीं, हे रकाने असावेत. बाजारांत किंवा हुरड्याच्या मांडवांत साधी कागदी वही ठेवली तरी चालते; मोबाईलनें टिपावयाचा क्यूआर कोड लाविला तर अधिक सोयीचें. पत्ता मिळाल्यावर प्रथम एक लहानसें पत्र पाठवावें आणि त्यांतील दुव्यावर बोट ठेवून त्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. म्हणजे चुकीनें लिहिलेले आणि थट्टेनें दिलेले पत्ते आपोआप गळून पडतात. ही त्या नोंदीची नोटीसच समजावी.

जें पत्र परत येतें, तो पत्ता लगेच कमी करावा. वर्षभरांत ज्यानें एकही पत्र उघडलें नाहीं, त्यास एकदां विचारावें आणि उत्तर न आल्यास त्याचें नांव काढावें. मयताचीं नांवें उताऱ्यावर वर्षानुवर्षें राहिलीं म्हणजे वारसांचे काय हाल होतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. फुगलेल्या दहा हजारांच्या यादीपेक्षां जिवंत पांचशांची यादी बरी. आणखी एक सावधगिरी: अनेकांस एकदम पत्र पाठवितांना सर्वांचे पत्ते उघड्या रकान्यांत घालूं नयेत, ‘बीसीसी’ म्हणतात त्या गुप्त प्रतीच्या रकान्यांत घालावेत, अथवा या कामासाठीं असलेली सेवा वापरावी. थोड्या नांवांपर्यंत अशा कांहीं सेवा विनामूल्यही मिळतात. आणि महिन्यांतून एकदां यादीची प्रत उतरवून घरीं ठेवावी. प्रत घरीं नसेल तर वही आपली म्हणण्यांत अर्थ नाहीं.

येथें एका मोहापासून दूर राहण्याविषयीं जोर देऊन सांगणें अवश्य आहे. तयार याद्या विकणारे दलाल हल्लीं पुष्कळ झाले आहेत. इतक्या हजार रुपयांत इतके लाख पत्ते, असें ते सांगतात. अशी यादी विकत घेणें म्हणजे बेवारस नोंदीवर जमीन घेण्यासारखें आहे. ज्यानें आपणांस पत्ता दिला नाहीं, त्याच्या दारांत जाऊन ओरडल्यानें तो गिऱ्हाईक होत नाहीं, शत्रु होतो. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्यानें सुमारें ४०० लोकांस न मागितलेलें जाहिरातपत्र संगणकजालावरून पाठविलें, तेव्हांही तक्रारींचा पाऊस पडला होता. आगंतुक ईमेलांचा इतिहास तेथून सुरू होतो. आतां तर केवळ नाराजीवर भागत नाहीं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू या कंपन्यांनीं नियम कडक केले आहेत. दिवसास ५००० हून अधिक पत्रें पाठविणाऱ्यानें पत्र आपल्याच नांवच्या पत्त्यावरून गेलें असल्याची तांत्रिक खूण लाविली पाहिजे, नांव काढण्याची सोय एका टिचकीसरशी दिली पाहिजे, आणि ‘हें पत्र नको होतें’ अशा तक्रारींचें प्रमाण हजारीं तिनाच्या आंत राखलें पाहिजे. हे नियम न पाळणाऱ्याचीं पत्रें कचऱ्याच्या पेटींत जातात किंवा परत फिरविलीं जातात. विकतच्या यादीनें तक्रारी वाढतात, आणि मग आपल्या खऱ्या गिऱ्हाइकांसही आपलें पत्र पोंचत नाहीं.

कायद्याचेंही भान ठेवावें. भारताच्या संसदेनें २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानें अंमलांत येत आहेत. त्याचें सार असें कीं, माणसाची माहिती त्याच्या मोकळ्या व स्पष्ट संमतीनें घ्यावी, ज्या कामासाठीं घेतली त्याच कामासाठीं वापरावी, आणि संमति देणें जितकें सोपें तितकेंच ती परत घेणेंही सोपें असावें. सरळ वागणाऱ्या शेतकऱ्यास यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. शेजाऱ्याचा विश्वास जसा आपण जपतों, तसाच पत्ता देणाऱ्याचाही जपावा.

पत्रांत काय लिहावें? दर वेळीं ‘घ्या, घ्या’ म्हणणाऱ्याचें पत्र कोणी उघडत नाहीं. महिन्यास एक पत्र पुरे. हंगामांत फार तर दोन. पाऊस कसा झाला, ऊस कोणत्या जातीचा आहे, रस उकळतांना भेंडीचा चिकट रस घालून मळी कशी काढतात, गूळ काळसर कां दिसतो आणि पांढुरक्या गुळावर भाळूं नये तें कां, ज्वारी भिजवून भाकरी कशी मऊ होते, अशी घरांत उपयोगी पडणारी माहिती लिहावी, आणि शेवटीं माल किती आहे, भाव काय, केव्हां मिळेल, हें दोन ओळींत सांगावें. माल बिघडला असेल तर तेंही लिहावें. गारपिटीनें डाळिंबावर डाग पडले आहेत, चव चांगली आहे, भाव कमी आहे, असें ज्यानें लिहिलें त्याचा माल लोक विश्वासानें घेतात.

‘आमच्याकडे हें करावयास माणूस कोठें आहे?’ असा शेवटचा आक्षेप राहतो. ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाईलवरून करावी, असें ठरलें. अडचणी आल्या, तरी कित्येकांनीं तें शिकून घेतलें. जो बांधावर उभा राहून पिकाचें छायाचित्र चढवितो, त्यास महिन्यास एक पत्र लिहिणें अशक्य नाहीं. शिवाय घरांतील शिकलेल्या सुनेस अथवा मुलीस या कामांत पुढें करावें. तिची अक्षरओळख परीक्षेनंतर पेटींत पडून राहते. येथें तिला उत्पन्नाचें काम मिळेल, आणि त्या उत्पन्नावर तिचाही हक्क मानला जावा.

ज्यांस एकट्यानें झेपत नाहीं, त्यांच्यासाठीं आपल्या संस्थेनें पुढें यावें. एका गांवचे दहा गुऱ्हाळवाले मिळून एक यादी ठेवूं शकतात. गिऱ्हाइकांनीं एकत्र येऊन काय साधतां येतें, हें १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें दाखविलें आहे; तेथें कुटुंबांचे संघ आपली महिन्याची मागणी आधीं नोंदवितात आणि माल त्याप्रमाणें येतो. खाणारे संघटित होऊन यादी करूं शकतात, तर पिकविणाऱ्यांनीं कां करूं नये? मात्र सामाईक यादीचे नियम आधीं कागदावर लिहावेत: यादी कोणाच्या नांवें, प्रत कोणाकडे, सभासद बाहेर पडल्यास त्यानें आणलेल्या गिऱ्हाइकांचें काय, आणि नोकर सोडून गेल्यास कुलुपाचा परवलीचा शब्द कोण बदलणार. सामाईक विहिरीच्या पाळीवरून भाऊ भाऊ कोर्टांत गेलेले आपण पाहतों. सामाईक वहीवरून तसें होऊं नये.

सारांश, जमिनीचा उतारा आपण जितक्या काळजीनें जपतों, तितक्याच काळजीनें गिऱ्हाइकांची वही जपण्याची वेळ आली आहे. यासाठीं कर्ज नको, अनुदान नको, कोणा अधिकाऱ्याची सही नको. येत्या हुरड्याच्या किंवा गुळाच्या हंगामांत जें पहिलें गिऱ्हाईक दारीं येईल, त्यास माल दिल्यावर विचारावें, ‘आपला पत्ता लिहून ठेवूं का? पुढील हंगामास कळवूं.’ तो हो म्हणाला तर तारीख घालून लिहून घ्यावें. शंभर नांवें होईपर्यंत कंटाळा येईल. शंभरांनंतर वहीच पुढें काम करूं लागेल. आपल्या सभासदांपैकीं ज्यांनीं अशी वही सुरू केली असेल, त्यांनीं या मासिकाकडे आपला अनुभव लिहून कळविल्यास इतरांस त्याचा मोठा उपयोग होईल.